आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, व्हिएतनामला जाता येईल का?

प्राची_गडहिंग्लज

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गडहिंग्लजला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवाळी उरकली की नोव्हेंबरात आईला घेऊन व्हिएतनामला जायचं घाटतंय. मी, आई आणि माझा मामेभाऊ. व्हिएतनामच का, ते ऐकून हसाल. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक कॅलेंडर होतं, त्यात एका महिन्याला हिरव्या पाण्यात उभे असलेले डोंगर. आई बीपी तपासायला गेली की नंबर येईपर्यंत त्याच पानाकडं बघत बसायची. वर्ष संपल्यावर कंपाउंडरनं ते पान फाडून तिला देऊन टाकलं. खाली बारीक अक्षरात 'हा लाँग बे, व्हिएतनाम'. ते आता आमच्या देवघराशेजारी चिकटवलंय. 'मला तिथं ने' असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त पाहुणे आले की त्यांना दाखवते.

आता मुद्दा. आईचा पासपोर्ट २०१७ चा. तेव्हा गावातून पशुपतिनाथची यात्रा निघाली होती आणि एजंटनं सगळ्यांना पासपोर्ट काढायला लावले. मग बस सोनौलीवरून रस्त्यानं गेली, पासपोर्ट कुणी बघितलासुद्धा नाही. कोराच आहे. परवा कपाटातून काढला तर 'सरनेम'पुढं काहीच नाही. 'गिव्हन नेम'मध्ये आईचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, तिन्ही सलग. एका पानावर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असंही छापलंय. आई सातवी शिकलेली, त्यामुळं असेल. माझा आणि भावाचा पासपोर्ट व्यवस्थित आहे, दोघांचेही अजून सहा-सात वर्षं चालतील. आईचा १४ मे २०२७ पर्यंत आहे, म्हणजे तारखेची तरी काळजी नाही.

भाऊ पुण्यात असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. त्याचा बेत असा: १९ नोव्हेंबरला मुंबईहून क्वालालंपूर, तिथून वेगळ्या तिकिटावर हनोई (अशी दोन तुटक तिकिटं काढली की माणशी सात-आठ हजार वाचतात म्हणे), मग हा लाँग, दा नांग, मधे दोन दिवस कंबोडियात अंगकोर वाट, परत व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह आणि तिथून घरी. व्हिसा ऑनलाइन, २५ डॉलर, तीन दिवसांत येतो. आडनावाचं विचारलं तर म्हणाला, 'आत्या, ते कोण बघतंय!' शनिवारी तिकिटं काढतो म्हणतोय.

आडनावाचं खरंच कुणी बघत नाही का? आणि ईसीआरमुळं अडवतात का? आईला विमानतळावरून परत यायला लागलं तर ती पुन्हा कधी घराबाहेर पडायची नाही, म्हणून विचारतेय.

---

सुशांत_डोंबिवली

काही टेन्शन घेऊ नका. माझ्या सासऱ्यांच्या पासपोर्टवरही आडनावाची जागा रिकामी आहे, बँकॉकला दोनदा जाऊन आले.

त्यापेक्षा व्हिसाच्या साइटकडे लक्ष द्या. आम्ही मार्चमध्ये व्हिएतनामला गेलो तेव्हा गूगलवर सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर चौघांचे अर्ज भरले. झेंडा लाल, मधे पिवळी चांदणी, सगळं कसं सरकारी. माणशी ७५ डॉलर गेले. व्हिसा आला, नाही असं नाही. पण तो सरकारी साइटवर २५ लाच होता, वरचे पन्नास त्या मधल्या माणसाचे. चौघांचे दोनशे डॉलर, म्हणजे आमचं हॉटेल निघालं असतं. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन'ने संपतो. शेवट वेगळा दिसला की मागे फिरा.

---

विजया_काउंटर

प्राची, शनिवारी तिकिटं काढू देऊ नका. भावाला आधी फोन करा, मग पुढचं वाचा.

मी चोवीस वर्षं मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरला होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कंपनी कुठली ते राहू दे, काम सगळीकडे तेच. लोकांना वाटतं, परदेशात आत घ्यायचं की नाही ते तिकडचा इमिग्रेशनवाला ठरवतो. ठरवतो तोच. पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी माझ्यासारखीच्या समोरून जावं लागतं. तिकडून प्रवासी परत पाठवला तर त्याला माघारी आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. काही देश वर दंडही लावतात. ब्रिटनचा माणशी २,००० पौंडांपर्यंत. म्हणून काउंटरवरची मुलगी हसून नमस्कार करत असते तेव्हाही तिचे डोळे पासपोर्टवर असतात. शंका आली की ती टिमॅटिक उघडते. विमान कंपन्यांची जी आयाटा नावाची संघटना आहे, तिची ही नोंदवही. कुठल्या देशाच्या पासपोर्टवर कुठे जायला काय लागतं, कोणत्या विमानतळावर नुसतं थांबायला काय लागतं, सगळं त्यात. त्यात जे दिसतं ते आमच्यासाठी ब्रह्मवाक्य. तिथे यूट्यूब चालत नाही.

आता तुमच्या आईंचा पासपोर्ट. तुम्ही आडनाव विचारलंत, पण माझी नजर आधी त्या तारखेवर गेली जिची तुम्हाला काळजी नाही. बहुतेक देशांना पासपोर्ट तिथे पोचल्या दिवसापासून पुढे सहा महिने चालणारा लागतो. मलेशियाला लागतो, व्हिएतनामलाही. १९ नोव्हेंबरपासून सहा महिने मोजा. १९ मे येतो. आईंचा संपतो १४ मेला. पाच दिवस कमी. पासपोर्टवर तारीख २०२७ ची आहे हे खरं, पण प्रवासापुरता तो नोव्हेंबरच्या मध्यावरच संपल्यात जमा आहे.

आता आडनाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ खुणा, मधे मधे बाणाच्या टोकासारखं चिन्ह. आपण ती नक्षी समजून सोडून देतो, पण मशीन वाचतं ते तेवढंच. त्यात आडनाव आधी येतं, ते संपलं की दोन बाण, मग नावं, आणि नावांच्या मधे एकेक बाण. आईंच्या पासपोर्टवर ते दोन बाण मधे कुठेच नसणार. म्हणजे मशीनच्या लेखी त्यांचं अख्खं नाव हे एकच नाव आहे. विमानाच्या तिकिटाला मात्र आडनाव लागतंच, मग काढणारा आपल्या मनाने तोडतो. व्हिएतनामच्या अर्जातही आडनाव आणि नाव असे वेगळे रकाने आहेत, तिथे दुसरा कुणी वेगळ्या जागी तोडतो. आता पासपोर्ट एक सांगतो, तिकीट दुसरं, व्हिसा तिसरं. हे कधी सुटतं, कधी अडकतं. सुशांतचे सासरे सुटले ते चांगलंच झालं, पण मी दोन्ही प्रकार पाहिलेत. आपल्या महाराष्ट्रात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिघांची गाडी असल्यामुळे हा घोळ जरा जास्तच.

एक प्रसंग सांगते, घाबरवायला नाही. मे महिना, रात्रीचं विमान, साताऱ्याकडचं सहा जणांचं कुटुंब. आजी नऊवारीत, पायात नवेकोरे पांढरे बूट, कुणीतरी आग्रहाने घातलेले. पाच जणांचं झालं. आजींच्या ई-व्हिसावर पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला होता, आठच्या जागी तीन. एजंटने भरलेला अर्ज, कागद आल्यावर कुणी पासपोर्टशी ताडून पाहिला नाही. मी वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तिकडे फोन लावला, पण व्हिसावरचा नंबर कुणाचा तरी दुसऱ्याचा होता, आजींचा नव्हताच. पट्ट्यावर गेलेली बॅग मागे बोलावली, टॅग कापला. मुलगा म्हणाला, तुम्ही पाच जण जा, मी आईला घेऊन घरी जातो. आजी रडल्या-बिडल्या नाहीत. मला म्हणाल्या, 'बाई, बॅग आलीच आहे तर उघडून द्या जरा. चिवडा माझ्या बॅगेत आहे आणि पोरं चालली तिकडं.' तिथेच जमिनीवर बसून दोन डबे नातवाच्या पाठपिशवीत भरले.

तेव्हा, पासपोर्ट रि-इश्यूला टाका. मुदत संपत आल्याचं कारण आहेच, त्याच अर्जात नाव नीट करून घ्या, आडनाव आडनावाच्या रकान्यात. साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर आणखी २,०००. कोल्हापूरला पोस्टातलं केंद्र आहे, पुण्याला जायला नको. आत्ता जुलै आहे, तत्काळची गरज पडू नये. आणि नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत व्हिसाचा अर्ज भरायचा नाही, कारण नंबर बदलतो. हातात आला की तिथल्या तिथे, केंद्राच्या बाकावर किंवा पोस्टमनसमोर, एकेक अक्षर वाचायचं.

---

बापू_एडिसन

विजयाताईंशी शंभर टक्के सहमत. आम्ही न्यू जर्सीत असतो. वडिलांच्या पासपोर्टवर असाच आडनावाचा रकाना रिकामा. अमेरिकेच्या व्हिसावर त्यांची तिन्ही नावं आडनावाच्या जागी गेली आणि नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. इथे आल्यावर औषधांच्या दुकानात, लायब्ररीच्या कार्डावर, सगळीकडे 'मिस्टर फ्नू'. वडील आधी चिडायचे. नंतर नातवंडं त्यांना फ्नू आजोबा म्हणायला लागली आणि ते नाव चिकटलं. पुढच्या वेळी आधी पासपोर्ट नीट केला, मग आले.

दुबईनेही २०२२ च्या नोव्हेंबरात पासपोर्टवर एकेरी नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेणं थांबवलं होतं. नंतर, आतल्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असं सैल केलं. पण तो पहिला आठवडा ज्यांची तिकिटं होती त्यांना विचारा.

---

प्राची_गडहिंग्लज

विजयाकाकू, कसे आभार मानू. (काकू म्हटलं तर चालेल ना? आणि मला 'तुम्ही' नको, तू म्हणा.) तारखेचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मी रोज मुदत ठेवीच्या पावत्यांवरच्या तारखा तपासते, आणि घरातली ही एक तारीख सुटली.

भावाला फोन केला. आधी म्हणाला, 'पाच दिवसांनी काय होतंय.' मग आजींच्या चिवड्याचं वाचून दाखवलं. गप्प झाला. शनिवारचं रद्द.

पण काकू, ईसीआरचं राहिलं. आणि क्वालालंपूरच्या तुटक तिकिटांचं काय? ते तो अजून सोडायला तयार नाही, नुसतं विमान बदलायचंय, शहरात जायचंच नाही, तर व्हिसाचा प्रश्न येतोच कुठं, असं म्हणतो. आणि सुशांतदादा, साइटचं बरं सांगितलंत, भावानं जी लिंक पाठवली होती तिचा शेवट 'डॉट कॉम' होता.

---

विजया_काउंटर

काकू चालेल. ठाण्यात सगळे तेच म्हणतात.

ईसीआर आधी. हा शिक्का परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आहे. दहावी न झालेल्या माणसाला कुणी फसवून मजुरीला नेऊ नये म्हणून १८ देशांची यादी आहे. आखाती देश, आणि त्यांच्याबरोबर मलेशिया, थायलंड, इंडोनेशियाही. व्हिएतनाम त्यात नाही. शिवाय फिरायला जाणाऱ्याला परतीचं तिकीट, व्हिसा, हॉटेल असं दाखवलं की जाता येतं. फक्त आपल्याच इमिग्रेशनला दोन प्रश्न जास्त विचारतात, आणि घाबरलेली बाई 'लेक नेतेय, मला काय माहीत नाही' असं म्हणते, मग दोनाचे सहा होतात. पण तुझ्या आईला यातलं काहीच लागणार नाही. त्यांचं वय आता काय? पन्नासच्या पुढे असेल तर शिक्षण कितीही असो, त्या ईसीआरमधून सुटतात. २०१७ साली पन्नाशी झाली नसणार, म्हणून छापलं गेलं. रि-इश्यूच्या अर्जात तेवढा रकाना बरोबर भर.

आता भावाचं क्वालालंपूर. एकाच तिकिटावर विमान बदललं तर सामान आपोआप पुढे जातं आणि आपण आतल्या आत एका दारातून दुसऱ्या दारात. तुटक तिकिटांवर तसं होईल असं धरून चालू नका. सामान पहिल्या विमानापाशीच उतरतं. ते घ्यायचं तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडायचं, म्हणजे कायद्याने तुम्ही मलेशियात शिरलात. सध्या भारतीयांना तिथे ३० दिवस व्हिसा लागत नाही, ती सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे, तेव्हा नोव्हेंबरात तुम्ही बसता. पण व्हिसा नाही याचा अर्थ काहीच नाही असा होत नाही. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. मग बॅगा घेऊन पुन्हा रांग, पुन्हा काउंटर, पुन्हा एखादी विजयाकाकू. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे पाण्यात, कारण दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंधच नाही. आईला सोबत घेऊन सात हजारांसाठी हे मी तरी करणार नाही. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे.

आणि आता ते, जे तुम्ही कुणीच विचारलं नाहीत. कंबोडिया. २५ डॉलरचा व्हिसा एका प्रवेशाचा. दा नांगहून अंगकोर वाटला जायला विमानात बसलात की तो संपला, मग त्यावर ९० दिवस लिहिलेले असोत नाहीतर काही. दोन दिवसांनी हो चि मिन्हला परतताना तुमच्याकडे व्हिसाच नसेल, आणि हे तुम्हाला कळेल कंबोडियातल्या काउंटरवर. तुमच्या बेताला अनेक प्रवेशांचा लागतो, तो ५० डॉलर. कंबोडियाचा व्हिसा आणि त्यांचा ई-अरायव्हल अर्ज वेगळा. नाहीतर क्रम बदला: व्हिएतनाम आधी पूर्ण उरका, शेवटी कंबोडिया, आणि तिकडूनच घरी. माझं मत विचारशील तर या खेपेला अंगकोर सोडा. आईला डोंगर बघायचेत ना? मग एक रात्र बोटीवर जास्त राहा.

अर्ज भरताना बसल्या बैठकीला तिघांचे भरू नकोस. एक भर, उठ, चहा घे, मग दुसरा. तारीख आधी दिवस, मग महिना. फोटो चष्म्याशिवाय. कुठल्या विमानतळावरून आत शिरणार आणि कुठून बाहेर पडणार तेही त्यात विचारतात, म्हणून बेत नक्की झाल्याशिवाय भरायला बसू नये. सुरुवातीची तारीख पोचायच्या एक-दोन दिवस आधीची टाक. ९० दिवसांपर्यंत तोच पैसा आहे, मग कंजुषी कशाला. चुकलं तर दुरुस्तीच्या नादी लागू नकोस, नवा अर्ज, नवे २५ डॉलर. पहिले परत मिळत नाहीत. तीन दिवस म्हणतात ते कामाचे, आणि तेही नेहमी पाळले जात नाहीत. ईमेलची वाट बघू नकोस, अर्जाचा जो कोड मिळतो तो टाकून स्वतः बघत राहा. आला की छापून घे, फोनवर भरवसा नको. मी फोनची बॅटरी संपलेले प्रवासी इतके पाहिलेत की काउंटरखाली स्वतःचा चार्जर ठेवायचे.

---

मेघना_नाशिकरोड

मधेच थोडं वेगळं, पण इथे वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. सगळे 'तिकडे शिरायला काय लागतं' ते बघतात. आपल्याच देशात परत शिरायलाही कधी कधी कागद लागतो.

आम्ही केनियाला मसाई मारा बघायला गेलो होतो. केनियाने २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधी घ्यायची परवानगी) केलाय, ते सोपं गेलं. पण पिवळ्या तापाची लस! ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच, आणि पिवळं कार्ड मिळतं ते आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी लस घेतलेली, कार्डही होतं, पण कार्ड मोठ्या बॅगेत. बॅग सामानाच्या पट्ट्यावर, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि आरोग्य तपासणीचं टेबल इमिग्रेशनच्या अलीकडे. काका तिथल्या खुर्चीत बसून राहिले, त्यांची बायको पुढे जाऊन बॅग आणेपर्यंत. घरी फोन करून लेकीकडून कार्डाचा फोटो मागवला तर ती म्हणाली, बाबा, तुम्हीच म्हणालात मूळ कार्ड बरोबर ठेवतो, फोटो कशाला.

साठीच्या पुढच्यांना ही लस डॉक्टर विचार करूनच देतात, तेव्हा आई-वडिलांना आफ्रिकेत न्यायचं असेल तर तिकिटाच्या आधी डॉक्टर.

---

सुशांत_डोंबिवली

विजयाकाकू, सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणतात, दुसऱ्या वेळी बँकॉकहून येताना त्यांना बाजूला उभं केलं होतं, वीस मिनिटं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. रि-इश्यूचा अर्ज टाकतोय.

---

प्राची_गडहिंग्लज

मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय, पण सगळं सांगते.

कोल्हापूरला पोस्टातल्या केंद्राची अपॉइंटमेंट मिळाली. आईनं लग्नातली जांभळी पैठणी नेसली होती, फोटो काढतात म्हणून. तिथल्या मॅडमनी आधार, पॅन बघितलं, नाव वेगळं करून हवं का विचारलं, आणि पडद्यावर आईला दाखवलं: हे नाव, हे आडनाव. आई म्हणाली, 'वेगळी खोली मिळाली म्हणायची आडनावाला.' पोलीस पडताळणीला हवालदारदादा घरी आले, त्यांनी चहा घेतला आणि कॅलेंडरचं पान बघून गेले.

पासपोर्ट पोस्टानं आला. काकू, तुम्ही सांगितल्यासारखं पोस्टमनसमोर अक्षर न् अक्षर वाचलं. तो म्हणाला, ताई, सही करा ना. म्हटलं थांबा. खालच्या दोन ओळीपण बघितल्या. आडनाव, मग दोन बाण, मग आईचं नाव, एक बाण, बाबांचं नाव. ईसीआर गेलं.

व्हिसाचे तीन अर्ज तीन दिवसांत भरले, दिवसाला एक. सरकारी साइटवर, २५ डॉलर माणशी. आईचा व्हिसा सातव्या दिवशी दिसला, माझा पाचव्या. ईमेल एकाचाही आला नाही, कोड टाकूनच कळलं. प्रत्येकी दोन प्रती छापल्या; एक पर्समध्ये, एक आईच्या पिशवीत. अंगकोर कापलं, त्याच्या जागी बोटीवर दोन रात्री. भाऊ थोडा रुसलाय, पण मुंबई-हनोई थेट तिकिटं त्यानंच काढली. १९ नोव्हेंबर, रात्री १२.४० चं विमान.

एकच शंका राहिली. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत दिलाय. तो बरोबर न्यायचा का?

---

विजया_काउंटर

छान केलंस. जुन्यात एकही व्हिसा नाही ना? मग घरी राहू दे. ज्यांचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात अडकलेला असतो त्यांनी दोन्ही न्यायचे.

आता मला सांग, १९ नोव्हेंबर, १२.४० म्हणजे तिकिटावर ००.४० छापलंय का? आणि मुंबईला येणार कधी?

---

प्राची_गडहिंग्लज

हो काकू, ००.४०. भावानं १८ च्या रात्रीची ट्रॅव्हल्स बुक केलीय. १९ ला सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर डोंबिवलीला मावशीकडं आराम, रात्री विमानतळ.

---

विजया_काउंटर

प्राची, ००.४० म्हणजे १९ तारीख लागून चाळीस मिनिटं झालेली असतात. तुम्हाला १८ ला रात्री साडेनऊला काउंटरसमोर उभं राहायचंय. तू सांगतेस तशा १९ ला सकाळी मुंबईत उतराल तेव्हा विमान हनोईला पोचून गेलेलं असेल.

---

प्राची_गडहिंग्लज

अगं बाई!!

---

प्राची_गडहिंग्लज

ट्रॅव्हल्स बदलली, १७ च्या रात्रीची मिळाली. पुढच्या दोन सीट गेल्यात, मागच्या आहेत, थोडं हादरेल. आई म्हणते चालतंय. भाऊ अजून फोन उचलत नाही.